पेन्सिलीच्या भिंती

औलूमध्ये, विद्यापीठाच्या बर्चबनाकडेला
उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या नकाशावर
विर्पी काल्लुन्कीने खांब शाईने काढले,
भिंती पेन्सिलीने.

भाडेकरू कोण, अजून ठरलं नव्हतं.
शेवाळातून औषध काढणारे येतील,
किंवा बर्फाची जाडी मोजणारी तीन पोरं
आणि त्यांचं एक कर्ज.
म्हणून दर सात मीटरवर
जमिनीत एक सांडपाण्याचं तोंड,
पितळी झाकणाखाली मिटलेलं.

"यातली निम्मी कधीच उघडायची नाहीत,"
हिशेबनीस कुरकुरला.
"कुठली निम्मी, तेवढं सांग,
आत्ता खोडते."

पाच हिवाळे गेले.
शेवाळवाल्यांची भरभराट झाली,
बर्फवाले बुडाले.
मधली भिंत एका दुपारात सरकली,
चार माणसं, दोन पाने, कॉफीसकट.
छताला स्क्रूची भोकं राहिली,
ती रंगाऱ्याने बुजवली.

आता तिथून सगळे सरळ जातात.
रखवालदार तौनो मात्र
दिवे मालवत येताना
मोकळ्या जागेत मध्येच
जरासा वळसा घेतो.

विर्पीने विचारलं तेव्हा लाजला.
म्हणाला, "इथं त्या पोरांच्या टेबलाचा कोपरा होता.
अंधारात मांडीला लागायचा."