तेहतीस सुया

डुल्या मारुतीच्या अलीकडच्या बोळात
साडेदहाला आमचं शटर अर्धंच वर असतं.
आत गाडी, खोक्यावर पोट टेकून,
मागचं चाक अधांतरी.
अंतोनभाऊ चाक दोन्ही हातांनी धरून वर उचलतात.
टक्.
तांदळाच्या दाण्याएवढी ढिलाई, पण टक्.
"ऐकलंस, वैजू?"
ऐकलं. चहावाल्या पोरानेही ऐकलं.

गाडी बावधनच्या ओजसची.
रविवारी बोपदेवच्या मागे मुरमात उडवतो,
सोमवारी वॉशिंग सेंटरात उभी करून
जेटच्या पाण्याने अशी लख्ख करतो
की मडगार्डात बघून भांग पाडावा.
ते पाणी सीलच्या ओठातून आत शिरतं
आणि पाहुण्यासारखं राहतं. जातच नाही.
"पोरगं आंघोळ घालतंय का बुडवून मारतंय?"
भाऊ कुणाला विचारत होते कोण जाणे.

लिंकेजचा बोल्ट कालपासून हटून बसलेला.
रात्रभर तेल पाजलं.
सकाळी पितळी दांडा लावून हातोडी.
तिसऱ्या घावाला शिवी,
चौथ्याला येशूचं नाव,
पाचव्याला बोल्ट.
त्याच्यामागून काकवीसारखं काही ओघळलं.
हे एके काळी ग्रीस होतं.

बुश ढकलला तशा सुया सांडल्या
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात.
रॉकेल आता कुठे मिळतं, डिझेलच.
टूथब्रशने एकेक घासली, जुन्या बनियनवर मांडली.
मोजल्या. बत्तीस.
पलीकडच्या बाजूच्या तेहतीस भरल्या होत्या.
परत मोजल्या.
स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून
फरशीवरून फिरवलं:
दोन वॉशर, एक टाचणी,
कुणाच्या तरी स्कूटरचा स्क्रू.
सुई नाही.
पाटाखाली बघितलं, चपलेच्या तळाला बघितलं,
भाऊ बाकड्यावर बसून सांगत होते, "तिथे बघ, अगं तिथे,"
हात पुढे करून.

आणि त्या हातावरच होती.
अंगठ्याच्या पेरात आडवी रुतलेली,
काळ्या ग्रीसमध्ये चमकत.
कातडीत खड्डा पडेपर्यंत दाबली गेलेली.
त्यांना कळलं नव्हतं.

पायांना मुंग्या येतात, हे दोन वर्षं ऐकतेय.
साखरेची गोळी आठला, दुसरी जेवल्यावर.
हातांचं त्यांनी सांगितलं नव्हतं.
हा माणूस करंगळीने बुश फिरवून सांगायचा
गाडी किती पावसाळे धुतली गेलीय,
आणि गिऱ्हाईक तोंड बघत राहायचं.

सुई मी चिमटीने उचलली. ते काही बोलले नाहीत.
मग बुश माझ्याकडे सरकवला.
"डोळे मिट. फिरव. काय लागतंय?"
भाकरीत कचकन खडा यावा, तसं लागत होतं.
"खाचा आहेत."
"किती?"
थांबले. परत फिरवला.
"तीन. एक खोल."
"मग टाक सगळ्या भंगारात."
एवढ्या शोधलेल्या तेहतीसच्या तेहतीस.

नवीन बेअरिंग पलीकडच्या बोळातून आणलं,
शेठने आधी जुने पैसे मागितले.
निळं ग्रीस बोटाने भरलं,
सुया अंगाला अंग लावून निजवल्या,
बुश सरकला तेव्हा
कडेने थोडं ग्रीस बाहेर आलं,
पुरणपोळी फुटते तितकंच.
"बास. आता सील."
बोल्ट आवळताना ते पान्याकडे नाही,
माझ्या मनगटाकडे बघत होते.

ओजस आला, बिल बघून म्हणाला, "एवढं?"
भाऊंनी लिंकेजभोवती
पांढऱ्या मार्करने गोल काढला.
"इथे जेट मारलास तर माझ्याकडे येऊ नको."
तो हसला, स्कॅन केलं, गेला.
गाडी बोळातल्या गतिरोधकावरून गेली.
काही आवाज नाही.

चहा आला. उकळता, काचेच्या ग्लासात.
मी काठाला धरला, हात बदलत बदलत.
भाऊंनी अख्खा मुठीत.
"अहो भाऊ, भाजेल."
त्यांनी ग्लासाकडे पाहिलं.
"गरम आहे होय?"