टोप्या

माणसं मोजू नयेत, असं आमच्यात म्हणतात,
म्हणून मी टोप्या मोजतो.
शनिवारी टेंभी नाक्यावर नऊ झाल्या
आणि नऊवरच अडल्या.
दहा भरल्याशिवाय सेफेर उघडत नाही.
आवासकर मुलीकडे पुण्याला,
दोघे भाऊ लोदला गेले ते गेलेच.

तेवढ्यात पायऱ्या चढून तो आला,
न्हावा-शेव्याच्या क्रेन तपासायला आलेला,
कानाच्या पाळ्या उन्हानं लाल,
खिशातून चुरगळलेली टोपी काढत.
ऑब्रे दा कोस्टा. किंग्स्टन, जमैका.
एलिझर कुजबुजला, "तिकडचे लोक काळे ना?"
त्याला मराठी कळलं नाही, प्रश्न कळला.
रोजचाच असावा.

मग पोह्यांच्या बशीवर बोलत बसला:
हजारात आम्ही गोरे जेमतेम दोन.
त्यात स्कॉटिश, आयरिश, डोंगरातलं एक जर्मन खेडं,
आणि लिस्बनच्या आगीतून निसटलेले आम्ही.
आमच्या सिनेगॉगात जमिनीवर वाळू असते,
पावलं वाजू नयेत म्हणून.

मी म्हटलं, हे ठाणंही त्याच पोर्तुगीजांचं होतं.

तो बशीकडे बघत राहिला.
घरी एक वही आहे म्हणाला, खापरपणजोबांची.
साखरेच्या कढया बारा,
खेचरं सात,
माणसं एक्केचाळीस.
एकच हात, एकच शाई.
त्यांना आडनाव पुढे आमचंच मिळालं.
आज गावात दा कोस्टा पुष्कळ.
गोरा मी एकटा.

माझ्या जिभेवर आलंच होतं,
आम्ही शनवार तेली,
फुटक्या गलबतातून नौगावला लागलेले,
घाणा आमचा, घाम आमचा,
आम्ही कुणाला वहीत नाही मांडलं.

पण शेवटच्या बाकावर हानोख वाकृळकर बसला होता.
त्याच्या आजोबांना काळे इस्राएल म्हणत,
पंगत वेगळी, सेफेर हातात नाही.
आणि गोरे कोण? तर आम्ही.
त्याच उन्हात रापलेले,
त्याच्याच रंगाचे.

मी पाणी प्यायलो.
हानोखनं पाहुण्याच्या बशीत आणखी खोबरं घातलं.
"खा, खा," म्हणाला,
दोघांनाही दुसरं काही बोलायचं नव्हतं.

तो टोपी विसरून गेला.
आज खुंटीवरच्या धरून मोजल्या.
दहा.
मग मी, कधी नव्हे ते,
माणसं मोजली.