वायसर

हापशावर पितळी पाटी आहे:
'इंगेबोर्गच्या आठवणीत.'
या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात,
पण पाटी तर पाहिजे.

मी ब्लँटायरच्या ऑफिसात बसतो,
मधला माणूस.
टोर्गेर बर्गनहून इंग्रजीत लिहितो,
एस्नार्ट मुलांजे डोंगराखालच्या गावातून
चिचेवात सांगते,
मी दोघांचं बोलणं
एकमेकांसाठी बरं करून देतो.

बरं करणं आम्हाला दोन दिवस शिकवलं होतं,
चहा-बिस्किटांसकट.
सतराशे माणसं लिहू नका.
एक मुलगी लिहा.
तिला नाव द्या, हातात बादली द्या.
सतराशेंना चेहरा नसतो,
आणि चेहऱ्याशिवाय पाकीट उघडत नाही.
खरंच आहे ते.
मीही बाजारात त्या एकाच आंधळ्याला पैसे देतो
जो मला नावाने हाक मारतो.
त्याच्या पलीकडे सात जण बसतात,
त्यांच्यातल्या एकाची टोपीसुद्धा
मला आठवत नाही.

एस्नार्टचं पत्र दरवेळी एकच:
वायसर गेला.
हापसा आहे, दांडा आहे,
पाटी चकचकीत आहे
(दर शनिवारी तीच पुसते, कोणी न सांगता),
पण आतला रबरी वायसर झिजला
की दांडा नुसती हवा उपसतो
आणि बायका पुन्हा ओढ्यावर जातात.
किंमत चार अंड्यांची.

नवा हापसा द्यायला तीन जण रांगेत आहेत:
एक चर्च, एक बँक,
एक निवृत्त दंतवैद्य.
वायसर द्यायला कोणी नाही.
वायसरवर नाव कुठे कोरणार?

सहा वर्षं, अकरा पत्रं,
ते वाक्य मी गाळत आलो.
त्या जागी लिहिलं: पाणी गोड आहे.

बाराव्या वेळी गाळलं नाही.
मोठं काही घडलं नव्हतं.
ऑफिसातला नळ गळत होता
आणि त्याच्या दुरुस्तीचा अर्ज
मार्चपासून माझ्याच टेबलावर होता.

तीन महिने उत्तर नाही.
घालवलास माणूस, साहेब म्हणाले.

मग एक जाड पाकीट आलं.
आत वीस चकत्या,
काळ्या, हाताने कापलेल्या,
कडा थरथरलेल्या.
चिठ्ठीत एवढंच:
'तिचे पावसाळी बूट. इथे रोज लागायचे.
रबरच आहे.'

ऑफिसात सगळ्यांचे डोळे भरले.
साहेबांनी कॅमेरा हातात दिला,
म्हणाले, चेहरा जवळून घे.

एस्नार्टचे डोळे भरले नाहीत.
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात;
तिने मोजले.
हापसा खोलला, चकती बसवली,
दांडा मारला. एकदा, दहादा.
हवा.
'सूतभर मोठी,' ती म्हणाली, 'कापून बसेल.
पण मऊ आहे. आठवडाभर टिकेल.
हे पायासाठी केलेलं रबर.'

मी काही बोललो नाही.
तिने मुलाच्या वहीचं पान फाडलं,
झिजलेला वायसर त्यावर दाबून धरला,
भोवती पेन्सिल फिरवली.
आत एक लहान गोल.
बाजूला जाडी: काडेपेटीच्या तीन काड्या,
खऱ्याच, डिंकाने चिकटवून.

'हे पाठव.'
'आणि आभार?'
'पाटी पुसते ना मी?'

एक चकती तिने ठेवून घेतली,
सायकलच्या कॅरियरखाली सरकवली.
चालवून बघितली.
खडखड थांबली होती.

फोटो मी काढला नाही.
साहेबांना सांगितलं, बॅटरी गेली.

टपाल खात्यातल्या बाईंनी पाकीट तोललं,
विचारलं, आत मौल्यवान काही?
रकाना भरायचा असतो.
मी म्हटलं,
माप.