लाभ

दाणा मार्केटात माप मोजताना
जालिंदर एक म्हणत नाही.
पहिल्या मापाला लाभ म्हणायचं,
मग दोन, मग तीन.
सासरे असंच मोजायचे.
आता काट्यावर आकडे लाल दिव्यात उमटतात
तरी हा ओठातल्या ओठात लाभच म्हणतो.

कस्तुरी आमचा लाभ.
मे महिन्यात लग्न, आषाढ सरायच्या आत उलट्या.
घणसोलीची खोली, भाड्याचा पंखा,
गादी अजून हप्त्यावर यायची होती.
आम्ही काही ठरवलं नव्हतं.
नणंदेनं बोटांवर महिने मोजले, दोनदा,
नऊ भरले
तेव्हा कुठं पेढ्यांचा पुडा सोडला.
मला तेव्हा वाटलं,
मूल म्हणजे दाराला कडी न लावता झोपावं
आणि सकाळी कुणीतरी
आत येऊन बसलेलं असावं.

दुसऱ्याला चौतीस महिने झाले.
किराणावाल्याच्या कॅलेंडरवर
दुधाच्या खाड्यांशेजारी माझ्या फुल्या.
दूधवाला हिशेबाला आला आणि गोंधळला,
वहिनी, एवढे खाडे मी केले नाहीत.

नवव्या दिवशी जायचं, अकराव्या, तेराव्या.
कोपरखैरण्याचा दवाखाना, पहिला मजला, खाली झेरॉक्स.
पडद्यावर करडं धुकं
आणि डॉक्टरीणबाई त्यात काहीतरी मोजतात,
सोळा. सतरा. उद्या अठरा होईल.
मिलिमीटर म्हणजे केवढं, जालिंदरनं विचारलं,
आणि स्वतःच म्हणाला,
काबुली चण्याच्या वर.
रजेसाठी मुकादमाला काय सांगणार?
दाढ दुखते म्हणाला.
त्या वर्षी त्याची दाढ फार दुखली.

रिपोर्ट सगळे चांगले.
पहिलं झालंय ना, मग होईल, बाई म्हणतात.
पण वाट माहीत असलेला माणूस चुकला
तर त्यानं विचारायचं कुणाला?
एक आहे ना पदरात, असंही म्हणतात.
आहे.
म्हणून तर रडायचं ते नळ सोडून.

बाकावर शेजारी तळोज्याची नसरीन.
किती वर्षं, तिनं विचारलं.
तीन होत आली, मी म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
माझी नऊ, ती म्हणाली,
आणि डबी उघडून खजूर दिला,
तीनवाल्यांचं लवकर होतं गं.
तेवढ्यात पर्समधला फोन.
घाईत बोट भलतीकडे पडलं
आणि सगळ्या खोलीला ऐकू गेलं,
आई, माझी कंपासपेटी कुठं ठेवलीस?

बी माझ्या तोंडातच राहिली.
नसरीन समोरच्या भिंतीवरच्या
गुबगुबीत बाळाकडे बघत होती,
टाचण्या गंजल्यात त्याच्या चारी कोपऱ्यांना.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
आवाज गोड आहे.
मग तिचा नंबर आला.
आतल्या दाराशी चप्पल काढता काढता वळली,
कितवीत आहे?
तिसरीत, म्हणाले मी,
आणि बी थुंकायला जागा शोधत राहिले.

संध्याकाळी कस्तुरी कुकरला तांदूळ लावते.
वाटी भरून काठावरून बोट फिरवते, बापासारखं.
लाभ, म्हणते.
दोन, म्हणते.
तिसरी डब्यात बुडवून थांबते,
कुणी येणार आहे का गं आज?

खाली इस्त्रीवाला गाडी आवरत होता.
जालिंदर आंघोळीला गेलेला, बादली वाजत होती.
माहीत नाही, म्हटलं.
अर्धी टाक.
नाही कुणी आलं
तर सकाळी फोडणीला होईल.