शालन, तुझं मंगळवारी आहे म्हणून

डेपोत विचारलंस तेव्हा गाडी फलाटाला लागली होती,
आणि ड्रायव्हर पगारेंसमोर मला सांगता आलं नाही.
"काही नाही गं, पिशवी काढतात," एवढंच म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, दोरीवरची चादर काढते.

आता बसून सांगते.

तू कसे दिवस काढतेयस ते ठाऊक आहे मला.
मीही पेठच्या गाडीला दोन-दोन पॅड लावून उभी राहिलेय,
सावळघाटाच्या वळणांवर दांडा धरून, तिकिटाचं मशीन छातीशी,
आणि करंजाळीला सगळे उतरले की
आधी मान वळवून स्वतःची खाकी बघायची.
हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एवढ्याशा रक्तावर बसमध्ये चढता कशा?
म्हटलं, मॅडम, मी चढत नाही. मी तिथंच असते.

तर आधी लोहाची सलाईन लावतील, कोऱ्या चहासारखी.
आदल्या रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही.
नेलपेंट पुसून जा. जोडवी निघत नसतील तर साबण लाव,
माझं डावं सिस्टरनं कापलं, टक् करून,
एकवीस वर्षांचं.
मंगळसूत्र पर्समध्ये. पर्स नणंदेकडे देऊ नकोस.

आत फार गार असतं.
पाठीत सुई देताना भूलवाले डॉक्टर म्हणाले, काय करता?
कंडक्टर आहे.
मग एक त्र्यंबक हाफ द्या.
मी हसले, आणि हसता हसता पाय गेले.

शेजारच्या कॉटवर दिंडोरीकडची एक होती. एकतीस वर्षांची.
का काढली, विचारलं, तर म्हणाली,
छाटणीच्या दिवसांत सुट्टी नसते ताई.
तिला दुसरा इलाज कुणी सांगितलाच नव्हता.
तू विचार. सोमवारपर्यंत वेळ आहे.
गोळ्यांनी भागेल का, आत बसवतात ते चालेल का,
अंडाशय ठेवणार की तेही नेणार.
मी सगळं विचारलं होतं. म्हणून निदान त्या बाबतीत झोप लागते.

बाहेर ह्यांना ट्रेमध्ये दाखवली. दाखवतात.
बारा दिवस ह्यांनी विषय काढला नाही.
मग एका रात्री, वरण ढवळताना:
"मला वाटायचं मुठीएवढी असेल.
नारळाएवढी होती गं, गाठींसकट.
त्यातच होती ना आपली अश्विनी?"
म्हटलं, अश्विनी होती. आणि ते पाचव्या महिन्यातलंही.
त्यांनी गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवसापासून जग तुला एकच विचारेल: गॅस गेला का?
डॉक्टर, मावशी, कॉटखालचा डबा न्यायला आलेला भाचा.
माझे तर मामेसासरे सटाण्याहून फोनवर विचारत होते.
खोकला आला तर पोटाशी उशी धर.
शिंक आली तर देव आठव.

सहा आठवडे बादली नाही, सिलिंडर नाही, गव्हाचा डबा नाही.
नवराही नाही. बाईंनी हे इतकं सरळ सांगितलं
की लाजले ते मीच.
तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत
मोबाइल वाजला की पोटात टाके ओढतात. माझा चांगला आला.

आणि कधीतरी रडू येईल, नवव्या-दहाव्या दिवशी.
मला मेथी निवडताना आलं. कारण सापडलं नाही.
मूल नको होतं, पाळी नको होती, दुखणं तर नकोच होतं,
तरी अर्धी जुडी भिजली.
कपाटात पॅडचं उघडं पाकीट अजून आहे.
अश्विनीला दे म्हणतात. देईन.

परवा घाटात गाडी गचके खात होती
आणि कोटंबी येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही
की मी आज एकदाही मागं वळून बघितलं नाही.

मंगळवारी मी साडेसहाच्या पेठला आहे.
परत येईन तोवर तू शुद्धीवर असशील.
बुधवारी मऊ भात आणते, वर नुसतं तूप.
गॅसचं मी काही विचारणार नाही.