चार बोटं वर

शहापुरात चन्नव्वा अबोली मोजते
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत:
"वंदु मोळ, येरडु मोळ..."
मी मनात: एक हात, दोन हात.
गेणू म्हणजे वीत, मारू म्हणजे वाव,
नऊवारीला अठरा मोळ,
कुठल्याही मागावर विचारा.
इथवर हिशेब सरळ.

पण गेल्या आषाढात तिचा हात मोडला.
खानापूरच्या हाडवैद्यानं बसवला, वाकडाच.
तेव्हापासून तिचा मोळ
दोन बोटं आखूड.
तिला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांनाही.
दोरा तोडण्याआधी ती
डाव्या हाताची चार बोटं
आडवी ठेवते फुलांपुढे,
आणि तिथून तोडते.

घरी येऊन टेप लावली.
साडेएकोणीस इंच.
"दीड इंच जास्तच की गं!"
बायकोनं पाठ फिरवून
अंबाडा पुढे केला:
"झालं असेल मोजून, तर माळ."