पक्कड

पोरं विचारतात, म्हाताऱ्या, किती जणांना गोळी घातलीस?
एकाला, मी सांगतो. मालकालाच.
मग ती जवळ सरकून बसतात.

इनॉक प्रूइट इथं आला तेव्हा त्याच्याजवळ
एक खेचर होतं, एक तवा होता,
आणि मिसूरीतून निघताना भावाच्या खिशातून
न सांगता काढलेले अकरा डॉलर.
मी त्याच्याकडे लागलो तोवर
पेकोस नदीच्या या अंगाला
घोड्यावर तीन दिवस काढले
तरी त्याचीच जमीन पायाखाली.

मी तारवाला. वय एकोणीस.
कुंपणाच्या कडेनं फिरायचं, तुटलेलं सांधायचं,
आणि तोडणारा दिसलाच तर
हुकूम त्यानं स्वतः दिलेला, दारात उभं राहून,
हातातली कॉफी खाली न ठेवता:
'नाव विचारत बसू नकोस.'

आत झरा होता. कधीच कुणाचा नव्हता,
म्हणजे सगळ्यांचा होता.
बाहेर युफेमिया आर्चुलेटाची मेंढरं.
त्या जुलैत ती पाण्याच्या वासावर तारेपर्यंत आली,
पुढची थांबली, मागची थांबेनात.
दोनशे सात. मोजायचं काम माझं होतं.
पुढे दोन हिवाळे लोकर लटकत होती काट्यांना,
दुरून वाटायचं, बर्फ अजून वितळलं नाही.

युफेमिया ओरडली नाही.
एका मेंढीच्या गळ्यातली घंटा तिनं सोडवली
आणि प्रूइटच्या फाटकाला बांधून निघून गेली.
वारा आला की वाजायची.
'काढ ती,' मालक म्हणाला. मी काढली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.
गाठ मात्र वेगळी होती:
खेचरावर ओझं बांधणारा माणूस मारतो तशी.
मी काही बोललो नाही. मला पगार तारेचा होता.

ऑक्टोबरातली रात्र. चंद्र अर्धा.
तार तुटते तेव्हा आधी टिचकी वाजते,
मग ताण सुटलेली तार गवतातून फूत्कारत जाते.
तीन वेळा ऐकलं मी.
नाव विचारलं नाही.

कंदील घेऊन जवळ गेलो, तर प्रूइट.
डाव्या हाताची दोन बोटं गेलेली,
उरलेल्या तिघांत रुमाल धरलेला.
माझे गुडघे लटपटत होते, तो मात्र
घोडा तपासावा तसा माझ्याकडे बघत राहिला.
'काम चोख केलंस,' म्हणाला,
'नेम जरा डावीकडे जातो तुझा.'
मग उजव्या हातानं पक्कड पुढे केली.
'ही घे. मला आता धरवत नाही.
अजून सतरा मैल आहेत.'

मी विचारलं, का?
तो बराच वेळ घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला.
'भाऊ कधीच वारला,' एवढंच म्हणाला.
मला तेव्हा कळलं नाही.
आता कळतं, असंही नाही.

पहिलं बर्फ पडेपर्यंत तोडत होतो.
तो पुढे चालायचा, खांबांवर थाप मारत,
स्वतःच रोवलेल्या खांबांवर, एकेकाला निरोप दिल्यासारखी.
बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला. गुरं फुटली, गडी पांगले.
लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

वसंतात युफेमिया आली. नवा कळप, लहानसा.
प्रूइट हॅट काढून झऱ्याकाठी उभा होता,
तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.
मेंढरं पोटभर प्याली. मोठा आवाज होतो त्यांच्या पिण्याचा.
जाताना तिनं फाटकाची घंटा सोडली,
आधी ती गाठ नीट निरखली,
मग दातांनी सोडवली.

माफ केलं का, पोरं विचारतात.
मला काय ठाऊक? मी तारवाला.
पक्कड आहे अजून, दाराआड खिळ्याला.
तेल देतो तिला अधूनमधून.
घट्ट बसते हातात. जरा जास्तच.
सोडायला वेळ लागतो.